छायाचित्रातील बाग आणि भिंतीआडची बाग



१९७७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने पत्रकारांना रॉबेन बेटावरील तुरुंग दाखविला. त्या वेळच्या एका छायाचित्रात फावडे घेतलेला एक उंच पुरुष ताठ उभा आहे. चित्राची नोंद एवढीच : ‘बागेत काम करणारा कैदी’. तो कैदी म्हणजे नेल्सन मंडेला. दृश्य जगाला दाखविण्यासाठी मांडलेले होते.

मंडेलांची खरी बाग तुरुंगाच्या अंगणात, भिंतीलगत होती. खडकाळ जमिनीतील दगड वेचून त्यांनी तेथे टोमॅटो, मिरच्या, कांदे पिकविले. त्याच अंगणात त्यांच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित पुरले गेले. ते सापडले आणि ४ वर्षे अभ्यासाची सवलत बंद झाली.

या चित्रात कोणाला बंदिवास दिसेल, कोणाला धीर. परप्रांतात मराठी शाळा जपणाऱ्यांचे जीवन मुक्त आहे. त्या यातनांशी त्याची तुलना नाही. तरीही लहानशा वाफ्याची निगा त्यांना ओळखीची वाटेल. वाफा केवढा मिळावा, हे माळ्याच्या हाती नसते. शिंपणे मात्र त्याच्याच हाती असते. घरात मुलांशी रोज मराठीत होणारे बोलणे, हेच या वाफ्याचे पाणी होय.