बियाणं आणलं, पण माती?



आज दूरच्या मुलखातली, पण आपल्या कामाची हकीकत सांगतो. १८७४ साली त्या वेळच्या रशियातून, म्हणजे आजच्या युक्रेनच्या भागातून, मेनोनाइट पंथाची शेतकरी कुटुंबे अमेरिकेत कान्सास राज्यात आली. सक्तीची लष्करभरती त्यांच्या धर्माला मान्य नव्हती, म्हणून पिढ्यांची शेती सोडली.

समोर काय? नजर जाईल तिथवर गवत. घराला लाकूड नाही, चुलीला सरपण नाही. मग गवत-मातीची घरे उभारली. विटांच्या मोठ्या भट्टीत गवत आणि काड जाळून थंडी काढली. त्याच वर्षी टोळधाड आली आणि त्या भागातला उभा मका फस्त झाला.

पण या मंडळींनी येताना गव्हाचं बियाणं आणलं होतं, टर्की रेड नावाचं. हा गहू शरदात पेरायचा. थंडीत तो बर्फाखाली तग धरतो आणि उन्हाळ्याचा कडाका वाढण्याआधी काढणीला येतो. सुरुवातीला गिरणीवाले नाक मुरडीत, कारण दाणा फार टणक. पुढे पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि याच गव्हाला मागणी वाढली. कान्सास गव्हाचं कोठार झालं.

इथपर्यंत ठीक. पण पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले आणि पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांवरचं गवत लोकांनी सरसकट उलथून टाकलं. १९३०च्या दशकात पाऊस रुसला. जमीन उघडी, धरून ठेवायला मुळं नाहीत. वाऱ्याबरोबर माती उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या वादळानं भरदिवसा काळोख केला. हजारो कुटुंबे शेती सोडून गेली. त्याच वर्षी अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला, पण गेलेली माती परत आली नाही.

बंधूंनो, चांगलं बियाणं विकत मिळतं, माती मिळत नाही. म्हणून तीन गोष्टी करा. नवं वाण आधी चार गुंठ्यांत करून पाहा. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी ठेवा. आणि धसकटं, पालापाचोळा जाळू नका, जमिनीवर राहू द्या. भाव चढला म्हणून बांध आणि गवताचा पट्टा मोडायचा मोह झाला, तर कान्सासची आठवण ठेवा.