आठशेचं पिकअप
(चितेगाव येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून मला दोन प्रकारची माणसं भेटली. तरुण पोरं विचारतात, ‘सर, आठशेला टर्बो बसतो का हो?’ आणि त्यांचे वडील विचारतात, ‘तो डबा अजून भंगारात कसा घातला नाही?’ आज दोघांनाही थोडं नाराज करणार आहे.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे अगदी शेवटच्या गाड्यांचीही पहिली मुदत २०२९ च्या सुमारास संपेल. तरी ती टिकून आहे, कारण ती कुठल्याही मेस्त्रीला उघडता येते. आणि आपल्या या पैठण रस्त्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लेथवर हात बसलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

आता हिशेब मांडू. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद साधारण ३७ अश्वशक्ती. गाडीचं वजन धरा ६५० किलो. एकटा चालक बसला तर एका टनामागे ५२ अश्वशक्ती मिळते. चौघं बसले की तीच ४१ वर येते. चौघांना घेऊन एकट्याचं पिकअप हवं असेल, तर इंजिनातून आणखी दहा अश्वशक्ती काढाव्या लागतील. एवढ्या काढायला खिसा रिकामा होतो. तीन मित्र उतरवायला काहीच लागत नाही. (हसू नका, डिकीत कायमचं पडलेलं सामानही मित्रांतच धरा.) शिवाय आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास राहतो. इथली हवा विरळ, त्यामुळे पाचेक टक्के ताकद आधीच गेलेली असते. मे महिन्यात आणखी जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या गाडीत नवी ताकद घालण्याआधी तिची हरवलेली ताकद शोधा. ती बहुतेक वेळा गाडीतच कुठेतरी अडकलेली असते.

पहिली तपासणी फुकटातली. इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टरचं झाकण काढा, एकाला आत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही वरून कार्बोरेटरमध्ये बघा. आतली पितळी पाकळी उभी व्हायला हवी. जुन्या गाडीत ती पुष्कळदा तिरकीच राहते. केबल ताणलेली असते, नाहीतर पायाखाली एकावर एक दोन मॅट टाकलेल्या असतात आणि पेडल खालपर्यंत जातच नाही. मालक टर्बोची चौकशी करत हिंडतो, आणि मॅट काढली की गाडी पळते! मग जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर ब्रेक चिकटतोय, म्हणजे इंजिनाची कमाई तिथे उष्णता होऊन जातेय.

त्यानंतर कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरला गेज लावा. एखादा आकडा बाकीच्यांहून बराच खाली आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने फट भरली. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅसकेट गेलंय. एवढ्या एका चमच्यावर पूर्ण इंजिन खोलायचं की फक्त हेड, हे ठरतं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने लॅप करून घेणं हे माझ्या मते सगळ्यात पैसा वसूल काम. हेड जास्त घासून कॉम्प्रेशन वाढवायचा मोह मात्र आवरा. इंजिन ठोकायला लागतं.

जुन्या कार्बोरेटरवाल्यांसाठी आणखी एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला जाळायला हवा कमी लागते, आणि कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं, गाडी झटके खाते. रबरी पाइपही बदलून घ्या. ऊस आपला, इथेनॉल आपलं आणि चिरलेला पाइपही आपलाच!

आता चाकं. आठशेला बारा इंची चाक. पोरं तेरा इंची अलॉय टाकतात. टायरचा बाहेरचा व्यास सात-आठ टक्क्यांनी वाढला, की तेवढीच ओढ कमी होते. हेडवर कमावलेलं सगळं चाकात जातं. वर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात ६४-६५ ला असता. सायलेन्सर कापल्यावर तर फक्त आवाज वाढतो. गाडी पळाल्यासारखी वाटते, घड्याळ लावलं की कळतं.

आणि ब्रेक. साठऐवजी ऐंशीने निघालात, तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. इंग्लंडात जॉन कूपर यांनी १९६१ मध्ये छोट्या मिनीचं इंजिन ८४८ वरून ९९७ सीसीवर नेलं, ३४ ची ५५ अश्वशक्ती केली, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. कूपर शर्यतीतले होते, त्यांना थांबण्याची किंमत ठाऊक होती. तिचीच पुढची आवृत्ती १९६४ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. तुम्ही निदान लायनर, ब्रेक ऑइल आणि टायर तरी इंजिनाआधी बदला.

राहिला इंजिनच बदलण्याचा प्रश्न. झेनमध्ये एस्टीमचं १३०० सीसी बसवणारे हौशी आपल्या देशात आहेत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी. हौस शर्यतीची असेल तर ऑटोक्रॉसचं मैदान आहे, तिथे हेल्मेट, पट्टे, पिंजरा सगळ्याचे नियम आहेत. फक्त अशी गाडी तिथपर्यंत ट्रेलरवर न्या. रस्त्यातला हवालदार मैदानाचे नियम ऐकून घेणार नाही.