आधी बायनॉक्युलर, मग दुर्बीण



आकाशदर्शनाचा नाद लागला की महिन्याभरात प्रश्न येतोच, ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला पारखून घेता येईल. पहिलं वर्षभर दुर्बीण घेऊ नका. 7x50 किंवा 10x50 बायनॉक्युलर घ्या.

यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळ्यांचं लक्ष पहिल्यावर जातं. आकाशाला महत्त्व दुसऱ्याचं. अंधाराला सरावलेली डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 50 मिलिमीटरचं भिंग तिच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं. शिवाय 10x50 मधून आकाशाचा साधारण 6 अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे बारा पूर्णचंद्र ओळीनं मांडावेत एवढा. लहान दुर्बिणीत शंभरपटीवर जेमतेम अर्धा अंश मिळतो, तोही बहुधा उलटा. नवशिक्या अडतो तो तारा सापडण्यापाशी. मोठा दिसण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आज रात्री सप्तर्षींकडे बघा. शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती. लग्नात नवरानवरीला दाखवतात तीच. चांगल्या नजरेला दोघं साध्या डोळ्यांनी वेगळी दिसतात. बायनॉक्युलर लावलं की त्यांच्यात मोकळी जागा पडते आणि शेजारी एक मंद ताराही उमटतो. एवढ्यात बघणाऱ्याला आपण कुठे आहोत ते पक्कं कळतं. आता 60 मिलिमीटरची दुर्बीण पन्नासपटीवर लावा. वसिष्ठच दोन ताऱ्यांत फुटतो! त्या दोघांतलं अंतर 14 विकला. हातात धरलेल्या बायनॉक्युलरला ते झेपत नाही. दुर्बिणीचं खरं काम हे. शनीचं कडंही तिचंच, त्याला निदान पंचवीस-तीसपट लागते. फक्त तेवढंच बघायचं असेल तर खगोलप्रेमी मंडळाच्या आकाशदर्शनाला जा, मोठ्या दुर्बिणीतून बघून या.

मला खरी काळजी वाटते ती मुलांसाठी वाढदिवसाला आणलेल्या खोक्यांची. 60 मिलिमीटरची दुर्बीण आणि खोक्यावर छापलेलं असतं ‘525 पट’. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट ही उपयोगी वर्धनाची मर्यादा धरतात, म्हणजे इथे 120. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धूसर. त्यात तिवई लेचीपेची. फोकसच्या चाकाला बोट लागलं की शनी थरथरतो, थरथर थांबेपर्यंत सरकलेलाही असतो. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे अर्ध्या अंशाच्या क्षेत्रातून ग्रह दोन मिनिटांत बाहेर. मूल चार रात्री धडपडतं आणि आकाश आपल्याला जमत नाही असं समजून बसतं. दोष असतो साधनाचा.

बायनॉक्युलर म्हणजे दुय्यम साधन, असं मात्र समजू नका. इंग्लंडमधले शाळामास्तर जॉर्ज अल्कॉक यांनी 1983 साली घराच्या बंद खिडकीच्या काचेतून बायनॉक्युलर लावून एक धूमकेतू शोधला. वर्षानुवर्षं ताऱ्यांच्या मांडण्या पाठ केल्या असल्यामुळे नवखा ठिपका त्यांच्या लगेच ध्यानात येई.

बायनॉक्युलर घेताना झूमवाली आणि वीसपटीची टाळा. हात हलला की सगळं आकाश हलतं. दूरच्या खांबाकडे बघा. प्रतिमा दोन दिसल्या किंवा डोळे ताणले गेले तर ते ठेवून द्या. बघताना आरामखुर्चीत रेला, कोपरांना आधार द्या. सूर्याकडे कोणतंही साधन रोखू नका, क्षणभरही नाही. डोळा जातो.

वर्षभरात अमावास्येच्या आसपासच्या रात्री बाहेर पडून राशी ओळखीच्या झाल्या की दुर्बीण जरूर घ्या. शक्यतो 150 मिलिमीटर आरशाची, डॉब्सोनियन बैठकीवरची. तेव्हा ती कुठे रोखायची ते तुम्हाला ठाऊक असेल.

पावसाळ्यात आपल्याकडे भिंगांवर बुरशी चढते. साधन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. त्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या काळोख्या रात्री, दहाच्या सुमाराला, गावाबाहेर दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तिथे जा. त्रिशंकूच्या वर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बायनॉक्युलरमधून गोल, धुरकट दिसतो. त्यात लाखो तारे आहेत. युरोपच्या बहुतेक भागांतून तो दिसतच नाही. तुमच्याकडे बायनॉक्युलर नसेल तर शेजाऱ्याकडून मागून घ्या, पण याच मे महिन्यात बघा.