एक घर, दोन चेंडू



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातला माझा प्रवास' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. माझ्या प्रवासाचा मोठा भाग डोंबिवली ते ठाणे असा उभ्याने झालाय आणि तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते आपल्या बास्केटबॉलच्या बाईंबद्दल, आणि ओघाने त्यांच्या यजमानांबद्दल. ते ठाण्यातल्या एका शाळेत फुटबॉल शिकवायचे. "स्मरणिकेत आमची नावं छापलीस तर बघ" अशी तंबी मिळाली आहे, म्हणून त्या नुसत्या बाई आणि ते नुसते सर.

दोन्ही खेळांचं एक गमतीदार नातं आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल सुरू केला. त्याच १८९१ साली आपल्या मुंबईत फुटबॉलची रोव्हर्स कप स्पर्धा सुरू झाली. सर म्हणायचे, "पत्रिका जुळली ती इथेच."

पत्रिका जुळली, वेळापत्रक मात्र कधीच जुळलं नाही. बाई सकाळी सहाला मैदानात हजर, तेव्हा सर ठाण्याच्या गाडीत. संध्याकाळी बाई घरी येऊन कुकर लावायच्या, तेव्हा सरांची मुलं मैदानात उतरायची. रविवारी सामने, एक जण कल्याणला, दुसरा ठाण्याला. पावसाळा हा सरांचा हंगाम. सुब्रतो करंडकाची गडबड आणि बाल्कनीत चिखलाचे मोजे. पावसाळा हा बाईंचा वैताग. ओल्या कोर्टवर पाय घसरतो, म्हणून आम्ही गोणपाटाने कोर्ट पुसायचो. घरात चेंडू दोन, पण हवा भरायचा पंप एकच. त्यावरून होणारी भांडणं आम्ही ऐकलेली आहेत.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मला नोकरीत शंभरदा आठवली. दोघांच्या संघांचे अंतिम सामने एकाच रविवारी आले आणि शनिवारी रात्री मुलीला सडकून ताप भरला. घरी कोणी थांबायचं? त्या काळी उत्तर ठरलेलं असायचं. सर म्हणाले, "मी थांबतो. एकदा शिट्टी वाजली की मी बाहेरून नुसता ओरडणार. माझं काम शुक्रवारीच संपलं. तुझं काम उद्या आहे, तुला टाइम-आउट घ्यायचाय."

ज्यांनी हे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक टाइम-आउट मागून खेळ थांबवू शकतो, खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करू शकतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला टाइम-आउट नसतो आणि बदली खेळाडूही मोजकेच. म्हणून त्याला जे काही शिकवायचं ते आठवडाभरात शिकवून ठेवावं लागतं. सरांनी त्या रात्री त्यागाची भाषा केली नाही, खेळाचा नियम सांगितला. त्या रविवारी सरांचा संघ हरला. आम्हीही हरलो, दोन गुणांनी. ताप मात्र उतरला.

आज मध्यरात्री सर्व्हर बंद पडतो तेव्हा मी टीमला आधी विचारते, हे काम बाईंचं की सरांचं? म्हणजे आत्ता थांबून हाताळायचं, की शुक्रवारीच तयारी करून ठेवायला हवी होती? टीममधल्या मुलांना बाई कोण ते ठाऊक नाही, पण प्रश्न समजतो.

आता मुद्द्याचं. आठवीत आम्ही बारा जणी होतो. दहावीत उरलो पाच. पाच म्हणजे बरोबर एक संघ, राखीव कोणीच नाही. बाकीच्या सात जणींना कोणी खेळू नका म्हणून रागावलं नव्हतं. क्लास, अभ्यास, अंधार पडतो, ऊन लागतं, एवढंच. माझंही नाव गळणार होतं. एका संध्याकाळी बाई आणि सर दोघंही आमच्या घरी आले. बाई आईशी बोलल्या. सर बाबांना एवढंच म्हणाले, "अहो, एक तास मैदानात गेला तर गणित पळून जात नाही." बाबांनी चहा मागवला आणि मी वाचले.

हे आपल्याकडचंच नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेन्डा बेरेनसन यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवला, तेव्हा कोर्टचे तीन भाग केले आणि आपल्या भागाची रेषा ओलांडायची नाही असा नियम केला. मुली दमतील ही काळजी! ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं, बायकांचं १९७६ ला.

आणि घरात आईही खेळत असेल तर काय होतं? आपण दहावी झालो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटाला लिअँडर पेसने टेनिसचं कांस्यपदक मिळवलं. १९५२ मध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या कांस्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याचे वडील, मूळ गोव्याचे वेस पेस, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या कांस्यविजेत्या हॉकी संघात होते, आणि आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार होती. वडिलांचं नाव सगळ्यांना आठवतं. आईचं आजपासून तुम्हीही लक्षात ठेवा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मुली आज आठवी-नववीत आहेत. बारातल्या सात गळतात त्या याच वयात. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या बॅचने नववी-दहावीच्या मुलींसाठी शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा एक तास चालवावा. प्रशिक्षकाचं मानधन, मैदानावरचे दिवे आणि मुली घरी पोहोचेपर्यंतची जबाबदारी आपली. पहिल्या वर्षाच्या मानधनाचा निम्मा वाटा मी देते. बाकीचा निम्मा जेवणाच्या सुट्टीत जमवू या.

बाई, मार्गदर्शनाला तुम्ही याल असं मी गृहीत धरलंय. सर, पंप तेवढा घेऊन या.