साहसी चित्रकथा आणि गावची शाळा

(अमळनेर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



चित्रकथेचे पुस्तक वर्गात सापडले म्हणजे ते काढून घेऊन कपाटात ठेवावयाचे, ही पुष्कळ शाळांतील जुनी रीत होय. तिच्यामागील हेतू वाईट नसतो. चित्रांच्या नादाने मूल पाठ्यपुस्तक बाजूला ठेवील, मारामारीच्या गोष्टींनी त्याचे मन बिघडेल, अशी काळजी शिक्षकास वाटते. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे ठरवून दिले आहे. तेव्हा साहसी चित्रकथांपैकी कोणती मुलाच्या हाती द्यावी आणि ती कशी वाचून घ्यावी, याचा विचार शिक्षकानेच करावयास हवा.

चित्रांवरून कथा सांगण्याची कला आपल्याकडे परकी नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील चित्रकथींनी ही परंपरा आजवर जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरतो व गाऊन कथा सांगतो. ती ऐकावयास मूल बसते, तसे म्हातारे माणूसही बसते. छापील चित्रकथेत गाणारा नसतो. एक चौकट संपते, दुसरी सुरू होते, आणि मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने जुळवावयाचे असते. पहिल्या चौकटीत मुलगा विहिरीच्या काठावर उभा आहे आणि दुसरीत पाणी उसळले आहे. उडी कोणी काढून दाखविलेली नाही, ती मूल स्वतः पाहते. या वाचनात बुद्धीला काम नसते, हा समज म्हणूनच टिकण्यासारखा नाही.

आता काही प्रसिद्ध चित्रकथांचे गुणदोष पाहू. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू झाली व १९९० पर्यंत चालली. तिच्या मराठी अंकांतील ‘वेताळ’ पुष्कळ घरांतून बाप आणि मुलगा दोघांनीही वाचला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला हा मुखवटाधारी वीर पित्याकडून पुत्राकडे आलेली शपथ पाळतो, म्हणून अरण्यातील लोक त्याला अमर समजतात. दिलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळणे, ही कल्पना थोर आहे. परंतु या कथांत अरण्यातील माणसे बहुधा असहाय दिसतात. त्यांचे संकट बाहेरून आलेल्या गोऱ्या वंशाच्या वीरानेच निवारावयाचे असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत पावरा, भिल्ल, तडवी मुले बसतात. जंगलात राहणारा माणूस नेहमीच भाबडा किंवा भित्रा, असे चित्र त्यांच्यापुढे वारंवार आले तर त्यांनी स्वतःविषयी काय समजावे? असे पुस्तक हाती आले तर ते दडवू नये. ‘या गावातील लोकांनी स्वतः काय केले असते?’ एवढा प्रश्न वर्गाला विचारावा. उत्तरे मुलेच देतील.

याच मालेत १९७६ पासून ‘बहादूर’ आला. तो आबिद सुरती यांनी लिहिला व गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रित केला. बहादूरचा बाप दरोडेखोर. तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुलगा सुडाच्या इच्छेने पेटतो. पुढे बापाचे खरे रूप त्याला कळते आणि ज्याच्यावर सूड उगवावयाचा त्याच पोलीस अधिकाऱ्याच्या छायेत तो वाढतो. मग गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारून तो दरोडेखोरांशी झुंजतो. येथे गाव स्वतःचे रक्षण स्वतः करते आणि वीर मुळात आपल्यासारखाच माणूस असतो. मात्र हाणामारीची चित्रे यातही आहेत. म्हणून हे अंक वरच्या वर्गांसाठी ठेवावेत.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने पुराण व इतिहास घरोघर पोहोचविला. प्रताप मुळीक, राम वाईरकर यांच्यासारख्या चित्रकारांचे हात तिला लाभले. तानाजीची कथा वाचताना सिंहगडचा कडा मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु येथे शिक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ही की, दुष्ट पात्र काळ्या रंगाचे व सज्जन गोरे, अशी विभागणी काही पुस्तकांत आढळते. आपल्या वर्गातील सावळ्या मुलांना तिची झळ लागते. दुसरी, इतिहास आणि लोककथा यांची सरमिसळ. १६७० सालची सिंहगडची लढाई हा इतिहास आहे. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची गोष्ट लोकपरंपरेने आपल्याला दिली आहे. दोहोंची गोडी वेगळी, हे चौथीच्या मुलालाही समजते.

परदेशी चित्रकथांपैकी बेल्जियमच्या एर्जे यांचा ‘टिनटिन’ सात ते सत्त्याहत्तर वर्षांच्या वाचकांसाठी म्हणून गाजला. १९६० साली पुस्तकरूपाने आलेल्या तिबेटच्या कथेत खलनायकच नाही. विमान अपघातात मेला असे सर्वांनी मानलेल्या चिनी मित्राच्या शोधात टिनटिन हिमालयात जातो. शत्रू म्हणाल तर बर्फ आणि निराशा. शत्रूला लोळविल्याखेरीज साहस होत नाही, या कल्पनेला ही कथा उत्तम उत्तर आहे. पुस्तक मराठीत नसले तरी शिक्षकाने चित्रे दाखवून ती आपल्या शब्दांत सांगावी.

चित्रकथांनी मुले बिघडतात, हा आक्षेप अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने मोठ्या जोराने मांडला. त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी आपल्यावर कडक नियमावली घालून घेतली. पुढे त्याची कागदपत्रे खुली झाल्यावर, मुलांच्या हकिकती त्याने आपल्या मताला जुळतील अशा फिरविल्या होत्या, असे २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने दाखवून दिले. यावरून सर्वच चित्रकथा निर्दोष ठरत नाहीत. निवड करावी, पण ती पुस्तक वाचून करावी. ऐकीव भीतीने करू नये, एवढाच याचा बोध.

खानदेशातील शिक्षकास चित्रकथेचा एक विशेष उपयोग आहे. आपल्या मुलांची घरची भाषा अहिराणी. पहिली-दुसरीचे मूल घरी ‘पयी गया’ म्हणते आणि पुस्तकात ‘पळून गेला’ असे वाचते. नुसत्या अक्षरांपुढे ते गप्प राहते, आणि शिक्षकास वाटते की त्याला काही येत नाही. धावणाऱ्या माणसाचे चित्र पुढे असले की ते निःशंकपणे ‘पयी गया’ म्हणते. त्याला अर्थ कळला, हे तेथेच सिद्ध झाले. मग शिक्षकाने ‘छान!’ म्हणून त्याच चित्राखालील प्रमाण मराठी वाक्य वाचून दाखवावे. ‘असे बोलू नये’ हे शब्द मात्र उच्चारू नयेत. त्या एका वाक्याने पुष्कळ मुलांची तोंडे मिटलेली आहेत.

वाचनाचा क्रम असा ठेवावा. प्रथम फुग्यांतील मजकूर कागदाने झाकून नुसती चित्रे पाहू द्यावीत व गोष्ट मुलांना आपल्या बोलीत सांगू द्यावी. नंतर दोन चौकटींच्या मध्ये काय घडले ते विचारावे. मग मजकूर उघडून तो पात्रांप्रमाणे वाटून मोठ्याने वाचून घ्यावा. शेवटी एका रिकाम्या फुग्यात मुलांनी स्वतः वाक्य लिहावे. पुस्तक घरीही न्यावयास द्यावे. ज्या आई-बापांना अक्षर येत नाही, तेही मुलाशेजारी बसून चित्रे पाहतील. मूल त्यांना वाचून दाखवील.

पुस्तके विकत घेण्यास पैसा नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी याच अमळनेरचे उदाहरण आठवावे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. त्याला छापखाना लागला नाही. प्रत्येक शाळेने वर्षातून एक हस्तलिखित चित्रकथा मुलांकडून करून घ्यावी. विषय जवळच आहेत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा हाती घेऊन गोळीला सामोरा गेलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबर हुतात्मा झालेले सोबती, ही आपल्याच खानदेशची कथा. तिच्यातील संवाद मुलांनी लिहावेत, आणि गर्दीतील साध्या माणसांच्या तोंडी अहिराणी घालावी.

येत्या सत्रात प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील पुस्तकांचे कपाट उघडून पाहावे. काढून घेऊन ठेवलेली एखादी चित्रकथा त्यात असेल. ती प्रथम स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी, आणि ती योग्य वाटली तर ज्या मुलाची होती त्याला परत द्यावी.