डेटा शाबूत, यादी अर्धवट

एका संध्याकाळी फोन आला: "दादा, आमच्या गटाची यादी 'सुप्रि'वरच तुटलीये. पुढच्या सात बायकांची नावंच नाहीत!" आणि त्याच यादीवरून दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन वाटायची होती.

मला वाटलं, डेटा करप्ट झाला. बॅकअप रिस्टोर करण्याआधी मूळ टेबल उघडलं, तर सगळी नावं जागेवर! म्हणजे गडबड क्वेरीत.

मायएसक्यूएलमधलं 'ग्रुप कॉन्कॅट' अनेक ओळी जोडून एक करतं. पण त्याची डिफॉल्ट मर्यादा 1024 बाइट. पुढचं सरळ कापतं. एरर नाही, नुसती वॉर्निंग. आणि ती आमचा कोड वाचतच नव्हता. टेस्टिंग मी इंग्रजी नावांवर केलेलं, तिथे एका अक्षराला एक बाइट. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन. काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजतात. म्हणजे जेमतेम 340 चिन्हं!

सेशनमध्ये 'ग्रुप कॉन्कॅट मॅक्स लेन' वाढवली, यादीतली नावं मोजून 'काउंट'शी ताडून पाहिली, आणि रात्रीच नवी यादी पाठवली.

तेव्हापासून माझा टेस्ट डेटा मराठीतच असतो. तुम्हीही करून बघा. भेटू पुढच्या भागात!