वसईपासून तारापूरपर्यंत चर्चच्या वाटेनं

चर्च पाहायची म्हटलं की आपल्या लोकांची बॅग गोव्यासाठी भरली जाते. तुम्हा बोईसरजवळच्या कुंभवलीकरांना त्याची गरज नाही. बोईसरला लोकल धरायची आणि वसई रोडला उतरायचं.

उतरलेला माणूस रिक्षावाल्याला सांगतो, "किल्ला." तेही बरोबरच आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेज्युइट, डॉमिनिकन अशा प्रत्येक संघानं कोटाच्या आत आपापलं चर्च उभारलं. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये शिरलात तर आधी खाली पाहा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि झिजलेली पोर्तुगीज अक्षरं आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी नेमकी त्यांवरच उभी राहतात, आणि फोटोग्राफर म्हणतो, "अजून थोडं मागे."

जेज्युइटांचं चर्च गोन्सालो गार्सियाच्या नावानं ओळखलं जातं. हा वसईत जन्मलेला मुलगा १५९७ मध्ये जपानात, नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं.

पण किल्ला पाहून परतणाऱ्यानं चर्चची दगडी भिंत तेवढी पाहिली, असं माझं मत आहे. नांदती चर्च कोटाबाहेर आहेत : पापडी, रमेदी, सांडोर, माणिकपूर, नंदाखाल, निर्मळ, आगाशी. नंदाखालचं चर्च १५७३ चं. मग कोटातली ओस का पडली आणि गावातली का टिकली? कोटातले भाविक बहुतेक पोर्तुगीज. वसई पडल्यावर ते जहाजात बसून निघून गेले. नंदाखालचे भाविक शेतकरी. केळी, पानवेली आणि विहिरी सोडून ते कुठं जाणार? चर्च शोधायचं असेल तर आधी तिथली माणसं कोण, कुठली, हे विचारा. पुढचा पत्ता आपोआप लागतो.

नंदाखालला रविवारी जा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत चालते. पूर्वी ती लॅटिनमध्ये होती. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या. बाहेर आल्यावर लाल लुगड्यातल्या आजीबाई एकमेकींशी सामवेदी ख्रिस्त्यांची कादोडी बोलू लागल्या, की आपण मराठी असूनही निम्मंच समजतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच परिसरातले. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटलं. वसईकरांना वाटलं नाही.

एक सूचना. मिस्सेत लोक पवित्र भाकर घ्यायला वेदीकडे रांगेनं जातात, तेव्हा आपले काही पाहुणे प्रसाद समजून मागोमाग उभे राहतात. ती फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनी घ्यायची असते. आपण मागच्या बाकावर बसावं. टोपी काढावी, चपला राहू द्याव्या. कुणी हटकत नाही.

वसईच्या घंटा मात्र वसईत शोधू नका. त्या विजयाबरोबर घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९.

आता आपल्या बाजूला येऊ. तारापूरचा कोटही पोर्तुगीजांचाच. जानेवारी १७३९ मध्ये तो घेताना मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पण डहाणू-तलासरीकडची चर्च त्या काळातली नव्हेत. डहाणूला अमेरिकेतून ब्रदरन मिशन आलं आणि त्यानं दवाखाना काढला. तलासरीला जेज्युइटांचं ज्ञानमाता सदन आहे, तिथं वारल्यांची मुलं शिकली. बोईसरची गोष्ट त्याहून नवी. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि केरळ-तमिळनाडूची कुटुंबं नोकरीला आली. केरळी कॅथलिकांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा, वसईचा १९९८ चा. तेव्हा तुमच्या गावाजवळच्या चर्चमध्ये मिस्सेची वेळ विचाराल, तर कुठल्या भाषेतली, हेही विचारा.

वसईला जाणार असाल तर सकाळी मिस्सा, मग आगाशीची सुकेळी, आणि किल्ला चार वाजल्यानंतर. तिथल्या चर्चना बहुतेक ठिकाणी छप्पर नाही, आणि हे दिवस उन्हाळ्याचे आहेत.